आप्पांच्या फोटोला घातलेला हार

भावाचा फोन आला तेव्हा मी शेवंतीचा पहिला हार ओवत होते. सव्वीस जानेवारीची सकाळ होती. आप्पा काल दुपारी मित्राकडं जातो म्हणून बाहेर पडले ते आलेच नाहीत, मित्राकडंही गेलेले नाहीत, फोन बंद लागतोय, एवढं सांगून त्यानं ठेवला. आप्पा म्हणजे माझे वडील. फौजेतून हवालदार होऊन रिटायर झालेले. आता छातीचं दुखणं आहे, एकट्यानं लांब जायचं नाही असं डॉक्टरांनी बजावलेलं. ते तिकडं नांदेडकडं आणि मी इकडं शिरूर तालुक्यात, निमोण्याला. स्वभावानं मी पहिल्यापासून भित्री. सातवीत शाळा सुटली, लग्न होऊन एवढ्या लांब आले, आणि तेव्हापासून एक धास्ती मनात बसली ती बसलीच, की माहेरी काहीतरी वाईट होणार आणि ते मला सगळ्यांच्या शेवटी कळणार.

ज्यांच्या मळ्यात मी फुलं तोडते आणि हार ओवते त्यांच्याकडं एक रीत आहे. तोडणीचा पहिला हार विकायचा नाही, तो कवठ्याच्या येमाई देवीचा. कुणीतरी जाणारं भेटेपर्यंत तो ओल्या फडक्यात वेगळा ठेवायचा. त्या दिवशी बाकीचे हार शाळेत जायचे होते. झेंडावंदनानंतर माजी सैनिकांचा सत्कार होता. मॅडमनी मुलांना सांगितलेलं, घरातल्या नाहीतर भावकीतल्या फौजी माणसाचा फोटो आणा आणि त्यांच्याबद्दल चार वाक्यं बोला. माझ्या लेकीनं, राणीनं, आप्पांचा वर्दीतला फोटो नेला होता. फोनवर आजोबांना ऐटीत सांगूनही झालं होतं. त्यावर ते एवढंच म्हणाले होते, "फोटो कशाला लागतो गं?"

पहिला हार फडक्यात गुंडाळला आणि हात जोडले. म्हटलं, आई, मला तिकडं पळत जाता येत नाही, आता तूच बघ. तोंडानं तसं म्हणत होते, पण बोट परत फोनवरच होतं. मालकांची आई हे सगळं बघत होती. म्हातारी तिखट. म्हणाली, "देवीला सांगितलंस ना? मंग फोनला काय इचारती सारखी? एकीवर तरी भरवसा ठेव." मला राग आला. जिचा बाप सापडत नाही तिला असं बोलतात का, असं वाटलं. तरी हारांची पाटी तिनंच उचलली आणि आपल्या मुलाबरोबर शाळेत पाठवली. मी मागून चालत गेले, कारण राणी बोलणार होती.

शाळेच्या आवारात बाकड्यावर फोटो ओळीनं मांडले होते, आणि मुलांनी एकूणएक फोटोला हार घालून ठेवला होता. वर कुंकवाचं बोट, पुढं उदबत्ती. मुलांचा दोष नव्हता. त्यांच्या घराघरात भिंतीवर मोठा फोटो असतो त्याला हार असतोच, मग इथंही हवा, एवढंच त्यांनी ओळखलं. मॅडम झेंड्यापाशी होत्या, त्यांचं लक्ष नव्हतं. आणि त्या ओळीत माझे आप्पा होते, तरणेताठ, वर्दीतले, मी स्वतः ओवलेल्या शेवंतीच्या हारात. मी तिथंच खाली बसले. हार काढायला हात पुढं होईना. वाटलं, मी तो काढला आणि तेवढ्यात भावाचा फोन वाजला तर? मॅडम धावत आल्या, त्यांना चूक कळली, बिचाऱ्या सारखं ताई माफ करा म्हणत राहिल्या. मी कुणाचंच ऐकत नव्हते. डोळे मिटले आणि पहिल्यांदाच फोन पदराआड सारला. आई, आता मी काही विचारत नाही, एवढंच मनात आलं.

तेवढ्यात फाटकातून जीप आत आली. दौंड तालुक्यातल्या खुटबावचे एक म्हातारे फौजी पाहुणे म्हणून यायचे होते, ते उतरले. त्यांनी मागून एक काळी पत्र्याची पेटी काढली. पेटीवर पांढऱ्या रंगात नाव लिहिलेलं. ते नाव मी लहानपणापासून वाचत आले आहे. पेटीच्या मागून आप्पा उतरले.

झालं होतं असं. नातीला फोटो न्यावा लागतोय म्हणून हा माणूस, कुणी अडवू नये म्हणून मित्राचं नाव सांगून आणि पेटी मागच्या दारानं काढून, स्वतःच निघाला. चार्जर घरीच राहिला, फोन बंद पडला आणि सगळे नंबर त्यातच अडकले. दौंडला उतरल्यावर छातीत कळ आली आणि ते बाकावर बसून राहिले. खुटबावचे आबा लेकीला गाडीत बसवायला स्टेशनात आले होते. "पेटी बघितली आन् वळाखलं, फौजी हाय," ते आम्हाला सांगत होते. "इचारलं, कुठली पलटण? मंग म्हनलं, निमोण्याला मीबी चाललोय. आधी डॉक्टरला दावलं, मंग आनलं." डॉक्टरांनी गोळी दिली होती आणि बसून जायला हरकत नाही म्हणून सांगितलं होतं.

भावाला फोन करून आप्पा सापडल्याचं सांगितलं आणि मी त्यांच्या पायाशी रडत बसले. ते म्हणाले, "रडायलीस कशाला? आलो की." मग त्यांचं लक्ष बाकड्याकडं गेलं. खुटबावचे आबा ओळीवर नजर फिरवून म्हणाले, "आमचं हार फोटूलाच घालून संपवलं व्हय? मंग आमी काय उदबत्ती वढायची?" खुर्च्यांवर बसलेले गावातले म्हातारे फौजी मोठ्यानं हसले. आप्पांनी मॅडमना विचारून घेतलं, यातलं हयात कोण आणि कोण नाही. मग स्वतःच्या फोटोचा हार काढून गळ्यात घातला. बाकीच्यांचे हार मुलांच्या हातात देऊन ज्याच्या त्याच्या गळ्यात घालायला लावले. एकाच फोटोचा हार त्यांनी नीट केला आणि तसाच राहू दिला. तो जवान परत आला नव्हता. सगळी शाळा त्या फोटोपुढं उभी राहिली, कुणी सांगितलं नव्हतं तरी.

मग आप्पा मुलांना म्हणाले, "हार झाला. आता विचारा काय विचारायचं ते." मुलांनी बर्फाचं विचारलं, जेवणाचं विचारलं. एका मुलीनं विचारलं, तुम्हाला भीती वाटायची का?

"वाटायचीच की. पहाऱ्यावर तर लई."

"मग काय करायचात?"

"आपला पहारा पुरा करायचा. बदलीचा गडी आला की त्याला सगळं सांगायचं, कुठं काय हाललं, कुठं आवाज आला. आणि आत जाऊन झोपायचं. झोपायचंच. झोप नाही आली, म्हणजे बाहेरच्या गड्यावर तुमचा भरवसा नाही."

मुलांनी टाळ्या वाजवल्या. राणी सगळ्यात जोरात. माझा बाप भ्यायचा, हे मला आजवर माहीत नव्हतं. आणि भिऊनसुद्धा झोपायचा, हेही.

दुसऱ्या दिवशी आप्पांना घेऊन कवठ्याला गेले. फडक्यातला हार थोडा मलूल झाला होता, तोच येमाईला वाहिला. लोक म्हणतात योगायोग. असेल. स्टेशनातल्या त्या बाकावरच्या माणसाला कुणीतरी बघत होतं, एवढं मला पुरतं.

अजूनही सकाळी पहिला हार बाजूला ठेवताना मी तिला सगळं सांगते, कुठं काय हाललं, कुठं आवाज आला. मग दुसरा हार ओवायला घेते. फोन पिशवीत असतो.