स्पेसच्या कळीवरची सरळ शिवण

निवृत्त होऊन तीन वर्षे झाली, तरी ती घटना आजही आठवते आणि मी एकटाच हसत बसतो. नावे लिहीत नाही, कारण माणसे अजून तिथेच राहतात.

तेव्हा मी रायगडच्या किनाऱ्यावरील एका ठाण्याचा प्रभारी होतो. सकाळची हजेरी आटोपते तोच गावातल्या कॉम्प्युटर क्लासचे मालक तक्रारीचा अर्ज घेऊन आले. त्यांना क्लाससाठी ऑपरेटर हवा होता. त्यांनी उमेदवारांची घरूनच द्यायची ऑनलाइन चाचणी ठेवली होती. दहा सेकंदांत स्पेसची कळ जास्तीत जास्त वेळा दाबायची, पहिला येईल त्याला नोकरी.

"टायपिंगचीच परीक्षा का नाही घेतली?" मी विचारले. मी स्वतः तालुक्याच्या गावी टायपिंग शिकलेला, घरातला पहिला पदवीधर. त्या विद्येचे उपकार मी विसरलेलो नाही.

"वेग कळला की झालं, साहेब," मालक म्हणाले.

बहुतेकांचे आकडे साठ-सत्तर होते. गावातल्या शिंप्याचा मात्र एकशे शेहेचाळीस आणि एका कोळ्याच्या मुलीचा एकशे अठरा. मालकांच्या मते दोघेही लबाड. दोघांना बाद करून ते तिसऱ्याला घेणार होते.

हा दखलपात्र गुन्हा नव्हता. तरी मी अर्ज चौकशीवर ठेवला, स्टेशन डायरीत नोंद घेतली आणि दोघांना बोलावले.

मुलगी बी.कॉम. झालेली होती. ती आईबरोबर आली. आईच आधी बोलली, "साहेब, माझी पोर चोर न्हाय. लहानपणापासून कोलंबी सोलते, म्हणून बोटं चालतात तिची. ही नोकरी गेली तर पुन्हा टोपलीपाशीच बसंल ती."

ठाणे अंमलदाराच्या कॉम्प्युटरवर दोन पंचांसमोर चाचणी घ्यायचे मी ठरवले. मुलीने दोन बोटे कळीवर ठेवली आणि खोलीत पत्र्यावर गारा पडल्यासारखा आवाज झाला.

"अगं हळू, सरकारी माल हाय!" हवालदार ओरडला.

आकडा आला एकशे एकवीस.

मग शिंपी बसला. घाम पुसत त्याने अठ्ठावन्न काढले. "घरच्या की-बोर्डची सवय हाय, साहेब."

"मग घरचाच आणू," मी म्हणालो. त्याचा चेहरा उतरला.

हवालदाराने तो की-बोर्ड आणून माझ्यापुढे ठेवला. त्याला मशीनच्या तेलाचा वास येत होता आणि स्पेसच्या कळीवर बारीक भोकांची ओळ होती, सगळी सारख्या अंतरावर.

"साहेब, ही तर शिलाई हाय!" हवालदार म्हणाला.

शिंप्याने मान खाली घातली. "मोटरच्या शिलाई मशीनखाली धरला होता. पहिल्यांदा सुई काढायची राहिली. मग ती काढून सुईच्या दांडीला रबर चढवला."

"पण भोकं ओळीत कशी?"

"हाताची सवय, साहेब. मशीन सुरू झालं की हात खालचा माल पुढं सरकवतोच." तो पुढे म्हणाला, "रेडिमेड आल्यापासून शिवायला टाकतंय कोण? म्हटलं, नोकरी तरी लागंल."

मुलीची आई की-बोर्ड निरखत होती. "मेल्या, हितं एवढी सरळ शिवण घातलीस, मग माझा ब्लाऊज वाकडा का शिवलास?"

पंचसुद्धा हसले. शिंप्याचा जबाब लिहून घेतला आणि समज देऊन त्याला सोडायचे ठरले. मालक ओशाळून मुलीला म्हणाले, "उद्यापासून ये."

"येईल ती," आई म्हणाली. "पण साहेब, आता तरी तिला बसायला सांगा."

मी पाहिले. शिंपी आला तेव्हा मीच त्याला खुर्ची दिली होती आणि चाचणी होताच तो पुन्हा त्याच खुर्चीत जाऊन बसला होता. मुलगी चाचणीपुरती स्टुलावर टेकली, बाकी दोन तास उभीच होती. माझ्या शाळेच्या दाखल्यांसाठी माझे वडील अशाच टेबलांसमोर उभे राहिलेले मी पाहिले आहेत, तरी तिला बसवायचे मला सुचले नव्हते.

लबाड माणूस सापडला म्हणजे चौकशी नीट झाली, असे मी त्या दिवसापर्यंत समजत होतो. मी उठलो आणि माझी खुर्ची तिच्यापुढे सरकवली. पुढे निवृत्त होईपर्यंत, समोरचा कोण आहे हे विचारण्याआधी मी त्याला बसायला सांगत आलो.