एकवीस दिवसांचा गणपती

मुलुंडला निघाले त्या दिवशी सासूने मला घरातला लोखंडी तवा दिला. मी म्हटलं, "आई, मुंबईत मिळतो की तवा." ती म्हणाली, "मिळतलो. पण ह्यो घेवन जा. थंय रांद गो, पण चूल आपली एकच आसा." एसटी आली तशी ती तोंड फिरवून गोठ्यात गेली. रडायचं असलं की ती गोठ्यातच जायची.

गिरणीचा संप होऊन गेला होता. ह्यांची गिरणी काही परत उघडली नाही. गावाला येऊन भात लावलं, पण ह्यांचं मन लागेना. लहानपणापासून भजनात पेटी वाजवणारा माणूस. मुलुंडला आमच्याच वाडीतल्या दाजींची बेंजो पार्टी होती, त्यांनी बोलावून घेतलं. बेंजो म्हणजे पेटीची धाकटी बहीण म्हणा. वर बटणं, आत तारा, गळ्यात पट्टा अडकवून उभ्याने वाजवायचा. सोबत ढोल, ताशा, खुळखुळे, आणि हातगाडीवर मोठा कर्णा. नाहूरला एका बंद कारखान्याच्या शेडमध्ये तालीम चालायची. सगळे गिरणीतून सुटलेले, सगळे आमच्या बाजूचे. सिनेमाची गाणी अशी वाजवायचे की चाळीतल्या म्हाताऱ्यापण हात वर करायच्या.

पण बेंजोचा खरा सीझन गणपतीत. आणि गणपतीत गावाला जायचं नाही, असं आमच्यात होतच नाही. हे एकुलते एक. सासरे गेलेले. गणपतीच्या शाळेतून, म्हणजे मूर्ती घडवतात तिथून, मूर्ती डोक्यावरून घरी आणायची ती ह्यांनीच.

पहिल्या वर्षी हे गावाला गेले. परत आल्यावर दाजी म्हणाले, "सीझनला गावी पळणार असशील ना, तर बेंजो इथेच ठेव. मग परत मागायला येऊ नको रे." दुसरं काम नव्हतं. पोटात पोर होतं माझ्या.

मग दुसऱ्या वर्षी ह्यांनी डोकं चालवलं. खोलीतच लहानसा गणपती बसवला आणि गावाला निरोप धाडला, आई, तू त्रास घेऊ नको, आम्ही इथेच आणतो. मलाही वाटलं, देव तो देव, इथे काय नि तिथे काय. पण आमच्याकडे चूल एक असेपर्यंत गणपती एकच. भाऊ वेगळे झाले की मग प्रत्येकजण आपापला आणतो. तोंडाने कोणी वेगळं झालो म्हणत नाही, गणपती आला की समजायचं. इतकी वर्षं मुंबईत काढून हे ते विसरले. सासूचा निरोप आला, "सांग तेका, चूल वायली केलंस ता बरा केलंस. माझो गणपती मी हाडतंय." शेजाऱ्यांना हाताशी धरून तिने आणला.

तो निरोप आला त्या दिवशीही ह्यांनी मिरवणूक वाजवली. घरी येऊन बोटं गरम पाण्यात बुडवून बसले. पाणी थंड झालं तरी बसलेले.

पुढल्या वर्षी खोलीत गणपती आणला नाही. पोराला कडेवर घेऊन मी एकटी गावाला गेले. पिशवीत तवा होता. सासूने मागच्या पडवीत तीन दगड मांडून ठेवलेले. "तुझी चूल थंय," म्हणाली. एका घरातून दोन धूर निघत होते आणि वाडी बघत होती. मी मुकाट पोराची पेज तिथे शिजवली.

पाचव्या दिवशी विसर्जन. आमचा पाच दिवसांचाच गणपती. वाडीतले बाप्ये, म्हणजे पुरुष, मूर्ती उचलायला जमले. शेजारची गंगाकाकी सासूला म्हणाली, "झील खंय गो तुझो? मुंबैत हातगाडीफुडे वाजवता म्हणे?"

सासू फटकन म्हणाली, "गणपतीफुडे वाजवता. तुझो खंयफुडे वाजवता? बाटलीफुडे?"

सगळे हसले. ती नाही हसली. मूर्तीपुढे गेली, पदर पसरला आणि गाऱ्हाणं घातलं. "बा देवा म्हाराजा, माझो झील तुझीच चाकरी करता, लोकांच्या दारात. तो येयसर तुका थांबाक व्हया."

मुलगा येईपर्यंत देवाला थांबवायचं म्हटल्यावर वाडीतले थोरले भाऊ म्हणाले, "म्हातारे, इचार कर. एकदा दिवस वाढवलंस तर दरवर्षी वाढवचे लागतले."

"वाढवतंय. एकवीस दिवस."

एकवीस दिवस म्हणजे खेळ नव्हे. समई विझू द्यायची नाही, दोन वेळचा नैवेद्य, आणि घरात मासा नाही. बांगड्याच्या कढीशिवाय तिला घास उतरायचा नाही. माणसं पांगल्यावर ती पडवीत आली, पायाने ते तीन दगड बाजूला लोटले. "तवो हाडलंस मां? हाड भितुर."

अनंत चतुर्दशी झाल्यावर हे आले. गाल आत गेलेले, बोटं सुजलेली. आई बोलली ते त्यांना ऐकूच गेलं नाही. दहा दिवस कर्ण्याशेजारी उभे, कानात नुसती शिट्टी. तिने नैवेद्याचं पान पुढे केलं. संध्याकाळी भजनात पेटी ओढली ह्यांनी. मान वाकडी करून एक कान पेटीला लावलेला. म्हातारी दाराआड बसून ऐकत होती. विसर्जनाला मूर्ती ह्यांनीच डोक्यावर घेतली.

पुढे वर्षानुवर्षं तसंच चाललं. डावा कान कायमचा गेला, मग उजवाही. बेंजोही गेले, आता ट्रकवर मोठाले स्पीकर येतात. आधी सासू गेली, मग हे. मुलुंडला मुलाचा फ्लॅट आहे, गॅस आहे, सून माझं सगळं बघते. तिथे मला काही कमी नाही. पण गणपती आले की मी तवा घेऊन गावाला जाते आणि एकवीस दिवस बसते. मुलगा म्हणतो, "आई, आता कोणासाठी? पाच दिवस करूया ना." मी म्हणते, बघू.

नातू दुबईला नोकरीला, गेल्या वर्षी त्याला गणपतीत सुट्टी मिळेना. वाडीतले सगळे गणपती गेले, बाप्ये परत मुंबईच्या वाटेला लागले, वाडी सुनी झाली. मी समईत तेल घालत होते. अंगणात बॅगेची चाकं वाजली आणि पोरगा बाहेरूनच ओरडला, "आजी, आहे ना अजून?"

मी आतून म्हटलं, "आसा रे. ये."