बारा कोयते, एकतीस माणसं

आमच्या गणिताच्या साळवे सरांना नुसतं उत्तर चालायचं न्हाई. वडवणीच्या दवाखान्यात डॉक्टरनं बीपी मोजून आकडा सांगितला, तर सर म्हणाले, "उत्तर खिशात ठेवा डॉक्टर, रीत दावा." डॉक्टर त्यांचाच विद्यार्थी. त्यानं मुकाट्यानं पट्टा परत बांधला आणि पहिल्यापासून समजावून सांगितलं.

माझी आणि सरांची खरी ओळख आठवीत झाली, म्हणजे मी त्यांची नक्कल करताना सापडलो. चष्मा नाकाच्या शेंड्यावर, हातात खडू, "रीत दाव रे" असं जोरात चाललेलं, आणि हसणारी पोरं एकदम गप. दारात सर. मला वाटलं, मेलो आता. ते म्हणाले, "आवाज बरोबर हाय. पण खडू मी डाव्या हातात धरतो. पाचपैकी चार." पाच कुणालाच मिळायचे न्हाईत.

पुढं मी बीडला कॉम्प्युटरच्या कॉलेजात गेलो आणि शेवटच्या वर्षाला मोबाईलवरचा एक खेळ बनवला. रंजी नावाची पोरगी. आईबाप ऊस तोडायला गेलेले, ही आजीपाशी. मोसम संपतो, गावात ट्रक यायला लागतात, आईचा पत्ता न्हाई. रंजी तिला शोधत निघते. पडद्यावर चित्र येतं, खाली माणसं बोलतात, मधीच कोडं येतं. सुटलं तर गोष्ट पुढं. तीनदा चुकलं तर सगळं पहिल्यापासून. आजी, कंडक्टर, मुकादम, सगळे आवाज माझेच. कोडं चुकलं की साळवे सर बोलायचे, "चूक. रीत कुठाय?" आणि वर खी खी हसायचे.

सर तवा रिटायर होऊन घरी बसलेले. त्यांना कुणीतरी सांगितलं. "आण की बघू," म्हणाले. मी जुना फोन नेऊन दिला. मग रोज दुपारी ओसरीवर ते खेळायचे, शेजारी वही. पान मधोमध आखलेलं, एकीकडं गुण, एकीकडं दोष.

स्वतःचा आवाज ऐकून त्यांनी माझ्याकडं बघितलं. "हे मी हाय का?"

"तुमच्यासारखं कुणीतरी हाय, सर."

"आवाज झकास. पण चुकलेल्याला मी हसायचो का रे?"

हसायचे न्हाईत. मी चपला शोधायला लागलो.

दुसऱ्या दिवशी म्हणाले, "पोरगी आईसाठी रडतीय आन तू मला आगपेटीच्या काड्या हलवायला लावतो. काड्या सुटोस्तोर तिचं रडणंच इसरलो मी." एसटीच्या वेळापत्रकाचं कोडं मात्र त्यांना लई आवडलं. "ते सोडवलं नसतं तर रंजीची गाडी चुकली असती. असं पायजे."

शेवटचं कोडं मी मुद्दाम सोपं ठेवलं होतं. मुकादम विचारतो, "बारा कोयते आलेत. ट्रकात माणसं किती?" आमच्याकडं ऊसतोडीच्या नवराबायकोच्या जोडीला एक कोयता म्हणतात. बारा दुणे चोवीस. तेवढं टाकलं की आई आली का न्हाई ते कळतं.

सर तिथंच अडकले. माझ्यासमोर त्यांनी एकतीस टाकलं. खी खी. परत एकतीस. खी खी. तिसऱ्यांदाही एकतीस, आणि रंजी पुन्हा आजीच्या दारात. गणिताचा मास्तर, आणि बारा दुणे एकतीस. मी स्टँडवर चहा पिताना दोस्तांना सगळं करून दाखवलं. "तुझे सर कामातून गेले बे," एक जण म्हणाला. सगळ्यात जोरात मीच हसलो.

नंतर गेलो तवा सर हळूच म्हणाले, "रंजीची आई आली का, एवढंच सांग."

मी त्यांच्याच आवाजात म्हणालो, "उत्तर खिशात हाय सर. रीत दावा."

ते हसले. "बरोबर हाय तुझं," म्हणाले आणि फोन परत हातात घेतला.

ती शेवटची भेट. दिवाळीनंतर सर झोपेतच गेले. पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला गेलो तर काकूंनी फोन आणि वही हातात दिली. "तुझ्यासाठी ठेवा म्हणाले होते."

शेवटच्या पानावर दोषाच्या बाजूला सरांचं टपोरं अक्षर: 'याला २४ पाहिजेत, हे मला माहीत आहे. टाकणार नाही. परत येताना लेकरं फडावरच्या झोपडीत, कोपीवर ठेवून येत नाहीत कुणी. आमच्या ट्रकात बारा कोयते आणि सात लेकरं होती. त्यात मी होतो.' खाली पाचपैकी तीन.

इतक्या वर्षांत सरांचं लहानपण कुठं गेलं, हे मी विचारलंच नव्हतं. फोन उघडून ट्रकाचं चित्र बघितलं. गोधड्या, भांडी, बाया, गडी, सगळं मीच काढलेलं. लेकरू एक न्हाई. सगळी मी आज्यांपाशी ठेवून दिली होती, सोयीनं.

आता खेळ दुरुस्त केलाय. काड्या काढल्या, हसणं काढलं, चुकलं तरी रंजीला परत आजीच्या दारात पाठवत न्हाई. ट्रकात गोधड्यांच्या मधी सात लेकरं बसवलीत, नीट बघितलं तरच दिसतात. कुणी चोवीस टाकलं की सर बोलतात. त्या एका वाक्यासाठी मला लई वेळा रेकॉर्डिंग करावं लागलं. आवाज येईचना. शेवटी खडू डाव्या हातात धरला, तवा आला.

"रीत बरोबर हाय. लेकरं मोजली का?"