मामांचा कागद गावाने भरला

माझ्या मामांइतका स्वतःविषयी अडाणी माणूस अख्ख्या बुलढाणा जिल्ह्यात झाला नाही, आणि हे मी अभिमानाने सांगते. आपण कसे आहोत हे आपल्याला कळत नाही, ते दुसऱ्यालाच विचारावं, असं त्यांचं ठाम मत. घरात आरसा होता, पण तो मामीचा. मामा दाढी करून ओट्यावर येत आणि रस्त्याने जो पहिला जाईल त्याला हनुवटी दाखवून कुठे खुंट राहिले ते विचारत. शाळेत धडा संपला की आपलं कुठे चुकलं हे चौथीच्या पोरांना विचारत, आणि पोरंही भीडभाड न ठेवता सांगत. सुट्टीच्या दिवशी ते मळ्यात असत. त्यांची वांगी वरवट बकालच्या बाजारात हातोहात खपत. पण वांगी कशी आहेत, असं कुणी विचारलं तर म्हणत, "मी लावली, मी काय सांगू? खानाऱ्याले इचारा."

महाराष्ट्र राज्य होऊन दोनेक वर्षं झाली होती. मी त्यांच्याच शाळेत नव्याने शिक्षिका म्हणून लागले होते आणि राहायलाही त्यांच्याकडेच होते. हेडमास्तरांची जागा रिकामी झाली. मामा सगळ्यांत जुने, त्यामुळे ती त्यांनाच मिळणार असं सारं गाव धरून चाललं होतं. मामांनाही ती हवी होती. त्यासाठी त्यांनी नवी टोपीसुद्धा घेऊन ठेवली होती, तीही शेजाऱ्याला विचारून.

तेवढ्यात वरच्या कचेरीतून एक छापील कागद आला. दुसऱ्याचं मन शिक्षकाला किती कळतं हे त्यावरून ठरणार होतं, आणि त्याचे गुण हेडमास्तर निवडताना धरले जाणार होते. त्यावर वीस वाक्यं होती. 'दुसऱ्याचं दुःख मला चटकन कळतं', 'समोरच्याचं बोलणं मी शेवटपर्यंत ऐकून घेतो', अशी. प्रत्येकापुढे नेहमी, कधीकधी, कधीच नाही. ज्याने त्याने आपल्यापुरती खूण करायची. आम्ही इतर शिक्षकांनी चहा निवायच्या आत वीसच्या वीस 'नेहमी' करून टाकले. मीसुद्धा. आपला तो बाब्या.

मामा मात्र कागद घेऊन घरोघर फिरू लागले. मी कपाळाला हात लावला, तर शांतपणे म्हणाले, "सोयरीक पाहाले गेल्यावर नवरदेवालेच इचारते का कोनी, तू कसा हायेस म्हनून? शेजारीपाजारी इचारते. मंग मी कसा हावो हे मलेच काऊन इचारून राह्यले?"

न्हाव्याकडे त्यांनी बोलणं ऐकून घेण्याचं वाक्य वाचून दाखवलं. तो बिचारा सांगायला लागला, की गुरुजी, मागच्या पोळ्याले मी तुमाले, आणि मामा मध्येच म्हणाले, समजलं, समजलं, लिहितो. मग आपण आत्ताच काय केलं ते त्यांच्या ध्यानात आलं, आणि त्यांनी गुमान 'कधीच नाही'वर खूण केली. असे गुण घटत चालले. तरी शेवटच्या वाक्यावर त्यांची भिस्त होती. 'समोरच्याने न सांगताही त्याच्या मनातलं मला कळतं.' ते त्यांनी मामीसाठी राखून ठेवलं होतं. बावीस वर्षांचा संसार होता.

मामी सुपात तूर पाखडत होती. वाक्य ऐकून तिने सूप खाली ठेवलं.

"मले वांगं आवडत नाही," ती म्हणाली. "हे ठाऊक हाये तुमाले?"

दर हंगामात वांग्याचा पहिला तोडा मामा कौतुकाने तिच्या पदरात आणून घालत. मामांनी कागद मांडीवर ओढला. मग त्यांनी खूण केली, कुठे ते सांगायला नको, आणि कागद तसाच कचेरीत पाठवला.

जागा अर्थातच गेली. बाहेरगावचे एक गृहस्थ आले. त्यांच्या कागदावर वीसही 'नेहमी' होते म्हणे. मामा तालुक्यात सर्वांत कमी गुणांचे ठरले. मी चार दिवस धुमसत होते. पण आज मागे वळून पाहते तेव्हा वाटतं, आम्हा सगळ्यांत कागद खरा भरला तो या एकाच माणसाने, आणि तो माझा मामा आहे.

वांग्याचं कळलं त्या संध्याकाळीच त्यांनी मामीला विचारलं होतं, तुले काय आवडते म्हणून. तिने सांगितलं, कारलं. मामांना कारल्याचा वाससुद्धा सोसत नसे. तरी वांग्यांच्या वाफ्यालगत कारल्याचा मांडव उभा राहिला, आणि पुढे दरवर्षी पहिला तोडा त्याचाच तिच्या पदरात पडू लागला.

मामी जाऊन आता तीन वर्षं झाली. मांडव मामांनी मोडलेला नाही. परवा गेले, तर त्यांनी स्वतःच रांधलेली कारल्याची भाजी ताटात होती. तुम्हाला आवडायला लागलं का, असं मी विचारलं. मामांनी घास सावकाश गिळला, मामीच्या रिकाम्या पाटाकडे पाहिलं आणि म्हणाले, "कधीकधी."