मुलाम्याखालचा गंज

वडील गेल्यावर त्यांचं जुनं रिव्हॉल्व्हर माझ्या नावावर झालं. बंदुका दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रींनी त्याची बाजूची पट्टी उघडली. आतले भाग चकाकत होते, पण कडांना तांबूस दिसत होतं.

"स्टेनलेसला गंज?" मी विचारलं.

"स्टेनलेस कुठलं? साधं पोलाद, वर मुलामा."

त्यांनी चिंधी फिरवली. थोडं तांबूस निघालं. ते खंडेनवमीच्या पूजेचं कुंकू होतं. उरला तो पूजेच्या पाण्यानं चढलेला गंज. वडिलांनी एकही गोळी झाडली नव्हती, पूजा मात्र कधी चुकवली नव्हती. आम्हीही दसऱ्याला त्यांच्या हातावर सोनं ठेवायचो, वाकून नमस्कार करायचो आणि आपापल्या खोलीत जायचो.

"तेल कधी दिलं होतं?" मिस्त्रींनी विचारलं.

मला फुलं आठवली, अक्षता आठवल्या. तेल काही आठवेना.