तपासणाऱ्याची सही

अहेरीच्या दवाखान्यात मी मलेरियाचं रक्त तपासायचे. गावोगावचे आरोग्यसेवक तापाच्या माणसांचं बोट टोचून काचेच्या पट्टीवर थेंब घेऊन यायचे, आणि मी त्या पट्ट्या रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली धरायचे. नोकरी अकरा महिन्यांच्या कराराची. शेजारच्या टेबलावर कायम नोकरीतले तंत्रज्ञ बसत, वयाने माझ्या वडिलांएवढे. मी त्यांना भाऊ म्हणायचे. नोंदवहीत ‘तपासणाऱ्याची सही’ असा एक रकाना होता. पट्टी मी तपासली तरी सही भाऊंची. करारावरच्या बाईने सही करायची नाही, असं म्हणे ठरलेलं होतं.

माझी नजर तयार होती, हे मी आजही बेधडक सांगते. आम्ही तलावातली मासळी धरणारे लोक. नखाएवढी पिल्लं परातीत घेऊन रोहू कोणता आणि कटला कोणता, हे मी शाळेत जायच्या आधीपासून निवडत होते. रक्तातला जंतू माझ्यापासून काय लपणार? पट्टीवरच्या शंभर जागा पाहिल्याशिवाय ‘मलेरिया नाही’ लिहायचं नाही, असा नियम होता. मी शंभर पाहायचे. भाऊ दहा-पंधरा पाहून पट्टी बाजूला सारायचे. त्यांचं टेबल दुपारीच रिकामं व्हायचं आणि माझ्यापुढे ढीग असायचा.

ऐन तापाच्या दिवसांत माझा करार संपला. दवाखान्याच्या साहेबांनी नवा आदेश काढला नाही. माझं काम संथ आहे म्हणाले. नळीतून बघायचं तर आहे, कोणीही बघेल, असंही म्हणाले. भाऊ तिथेच बसले होते, पण माझ्या बाजूने एक शब्द बोलले नाहीत. मला रडू आलं नाही, राग आला, आणि साहेबांपेक्षा भाऊंचा जास्त आला.

मी आठवडी बाजारात आईशेजारी मासळी विकायला बसले. लोक नोकरीचं विचारायचे. काढलं म्हणून मी सरळ सांगायचे. लाजायचं तर काढणाऱ्याने लाजावं.

तिसऱ्या बाजाराला भाऊ गर्दीतून वाट काढत आले. हातात कागदात गुंडाळलेली पट्टी होती. बाळंतपणासाठी माहेरी आलेली त्यांची मुलगी चार दिवस तापाने फणफणत होती. तिचं रक्त त्यांनी स्वतःच तपासलं होतं आणि काही सापडलं नव्हतं.

“बाई, मले काई दिसून नाई राह्यलं,” ते म्हणाले. “आन् माह्या डोयावर मले भरोसा नाई.”

आईने माझ्याकडे पाहिलं. मी हात धुतले आणि त्यांच्यामागून दवाखान्याकडे निघाले.

साठ जागा कोऱ्या गेल्या. भाऊ मागे उभे राहून श्वास टाकत होते. सत्तरीच्या पुढे एका पेशीत मलेरियाच्या जंतूची बारीक अंगठी दिसली, मग आणखी दोन दिसल्या. औषध आधी मुलीकडे गेलं. त्यानंतर भाऊंनी नोंदवही उघडली, मी सांगितलेला निकाल लिहिला आणि सवयीने शेवटच्या रकान्यावर पेन टेकवलं. मी वहीवर हात ठेवला.

“सही मी करीन, भाऊ.”

“तुमी तं आता इथी नाई.”

“मंग माहा निकाल खोडा. तुमचा लिहा.”

मग त्यांनी पेन माझ्यापुढे सरकवलं. माझ्या हाताला अजून मासळीचा वास येत होता. मी सावकाश, आडनावासकट, पूर्ण नाव लिहिलं.