मराठीत विचारलं म्हणून

सासूबाईंना आठवड्यातून दोनदा डायलिसिससाठी तामसीहून आदिलाबादला न्यावं लागे. त्या पावसाळ्यात नाल्याला पाणी चढू लागलं तशी मला धास्ती बसली, रस्ता बंद झाला तर त्यांचं काय?

ह्यांनी मोबाईलवरच्या एआयला विचारलं. तेलुगू आमची बाजारापुरती, लिहायला-वाचायला मराठीच. उत्तर अशा गोड मराठीत आलं की ह्यांचा जीव भांड्यात पडला. नियंत्रण कक्षाला फोन करा, रुग्णासाठी गाडी घरी येईल. खाली नंबर, आणि माहिती कुठून घेतली ते. सगळी ठिकाणं पैनगंगेपलीकडची, महाराष्ट्रातली. पण ते कोण बघतं?

दुपारी पंचायतीच्या भोंग्यावरून तेलुगूत पुकारलं, आजारी माणसांना आदिलाबादला न्यायला जीप निघते आहे. मी सासूबाईंची लुगडी पिशवीत भरली. ह्यांनी अडवलं.

"मोबाईल सांगून राह्यला ना, गाडी घरी येते. जीपमध्ये कोंबून काऊन न्याचं आईले?"

जीप गेली आणि अंधार पडायच्या आत रस्ता पाण्याखाली गेला. ह्यांनी फोन लावला. पलीकडचा माणूस भला होता. गावाचं नाव त्याने पुन्हा पुन्हा विचारलं आणि म्हणाला, तुमचं गाव तेलंगणात येतं, आमची गाडी तिकडे पाठवता येत नाही. त्याला काय बोल लावणार?

सासूबाईंचे पाय सुजले, मग धाप लागली. "गाडी येऊन राह्यली ना रे?" त्या विचारत, आणि हे हो म्हणत. पाणी ओसरल्यावर दवाखान्यात नेलं. तिथून त्या परत आल्या नाहीत.

तेरावं झाल्यावर मी शेजारच्या सुनेला तोच प्रश्न तेलुगूत विचारायला लावला. आदिलाबादचा नंबर आला, पंचायतीला कळवा असंही आलं. मग मराठीत विचारलं, गावाचं नाव घालून. पुन्हा नदीपलीकडचाच नंबर. याला म्हणे बुद्धी. माणसाची भाषा ऐकून त्याचं गाव ठरवते. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

आमच्या गल्लीत अजून एका बाईंचं डायलिसिस चालू आहे. घर मराठीच. मी मुद्दाम जाऊन सगळं सांगितलं. त्यांच्या मुलाने शांतपणे ऐकून घेतलं.

"ते जुनं होतं, वहिनी," तो म्हणाला. "आता नवीन आलं. त्याले सगळं समजते."